बाबा, एफडी मोडू नका

कुडाळ
नारळी पौर्णिमा

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की सप्टेंबरात एफडी पिकतेय, ती मोडून पैसे पाठवतो, परसातल्या खोलीवर स्लॅब टाकून घे. तेव्हा मी नुसतंच ‘बघू’ म्हटलं. तुम्हाला नाही म्हणायचं तर कारणं नीट सांगायला हवीत, आणि ती फोनवर मावत नाहीत. म्हणून हे पत्र. आधी मुद्द्याचं सांगते: एफडी मोडू नका. खोली पुरी झाली आहे, तिच्यावर छप्पर आहे, जून-जुलैचा सगळा पाऊस तिनं अंगावर घेतला आहे आणि आत टिपूस आलेला नाही.

आई, तुझा प्रश्न वेगळा होता. एवढं घर असताना बाहेर खोली कशाला? हे घर तू पाहिलं आहेस. खाली उतरलेली वळचण, पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर. उन्हाळ्यात आत कसं गार वाटतं! पण चित्र काढायला बसलं की दुपारी बारा वाजताही दिवा लावावा लागतो. पिवळ्या दिव्यात लावलेला निळा रंग उजेडात भलताच दिसतो. पुस्तकांच्या चित्रांचं काम म्हणजे मोठे कागद पसरायचे, एक सुकेपर्यंत दुसरं घ्यायचं, आणि इथे पावसाळ्यात जलरंग सुकता सुकत नाही. जेवणाच्या टेबलावरून तो पसारा रोज उचलायचा आणि रोज मांडायचा. मला अशी एक जागा हवी होती, जिथे संध्याकाळी ब्रश ठेवून उठलं तर सकाळी सगळं जसंच्या तसं सापडेल.

इथल्या ठेकेदाराला विचारलं होतं. दहा बाय चौदाची खोली, चार पिलर, वर स्लॅब, आतबाहेर गिलावा, असा त्यानं साडेतीन लाखांच्या वरचा आकडा दिला. त्याचा आकडा चुकीचा नाही, तशा खोलीला तेवढे लागतातच. पण बाबा, कोकणात तुम्ही पाहिलंच असेल, स्लॅब टाकल्यावर चार-पाच पावसाळ्यांत लोक त्याच्यावर पत्र्याची शेड उभी करतात. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो इथे. सपाट छपराला तो सोसत नाही, म्हणून मग उतरतं छप्पर घालावंच लागतं. जे शेवटी करायचंच आहे ते आधीच केलं तर स्लॅबचा खर्चच उरत नाही. इथल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. आता मात्र गावात स्लॅबचं घर म्हणजे बरं चाललंय आणि कौलारू म्हणजे परिस्थिती बेताची, असं झालंय. मला हे मनापासून खटकतं.

मी दोन माणसांचं काम वाचत होते, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक वास्तुविशारद लॉरी बेकर. इंग्लंडहून भारतात आले आणि पुढे केरळात राहून त्यांनी कितीतरी वर्षं कमी खर्चाची सुंदर घरं बांधली. २००७ साली गेले. घराला लागणारं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हे गांधीजींचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं. दुसरे वॉल्टर सेगल, लंडनचे वास्तुविशारद. १९६० च्या दशकात त्यांना राहतं घर पाडून नवं बांधायचं होतं. तोवर कुटुंबाला राहायला म्हणून त्यांनी मागच्या बागेत लाकडी सांगाड्याचं एक तात्पुरतं घर उभं केलं. दोन आठवडे आणि सुमारे आठशे पौंड, एवढ्यात झालं. युक्ती अशी की बाजारात फळ्या आणि शीट ज्या मापाची मिळतात, त्या मापावर घराचा आराखडा बेतायचा. कापाकापी नाही, वाया जाणं नाही, गिलावा नाही, सगळं स्क्रू आणि बोल्टनं जोडलेलं. ते तात्पुरतं घर पुढे कितीतरी वर्षं टिकलं. त्याच पद्धतीनं नंतर लंडनच्या लुइशम भागात घरासाठी रांगेत असलेल्या साध्या माणसांनी स्वतःच्या हातांनी आपापली घरं बांधली.

बाबा, तुम्ही कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य घालवलंत, तुम्हाला हे लगेच पटेल. आपण आधी मनात खोली काढतो आणि मग सामान कापून तिच्यात बसवतो. मी उलट केलं. आधी सामान जमवलं, त्याची मापं वहीत लिहिली आणि खोलीचं चित्र त्यांच्यावरून काढलं.

आपल्या शेजारच्या वाडीत एक जुनं घर पाडत होते, स्लॅबचं बांधायला. त्यांच्याकडून मी सहाशे मंगलोरी कौलं घेतली, नगाला दहा रुपयांनी. बासेल मिशननं मंगळूरला १८६५ साली कारखाना काढला, तेव्हापासून ही कौलं या सगळ्या किनाऱ्यावर पसरली. काहींच्या पोटावर कारखान्याचा ठसा अजून बोटाला लागतो. त्याच घरातला दोन फळ्यांचा दरवाजा मिळाला, कडी-कोयंड्यासकट. तीन खिडक्या मिळाल्या आणि वाशांपुरतं जुनं लाकूड. सुतारमामांनी त्या लाकडावरून हात फिरवला आणि म्हणाले, “ह्या लाकूड आता वाकूचा नाय. वाकूचा होता ता वाकान झाला.” नवं ओलं लाकूड आणलं असतं तर ते छपरावर चढल्यावर सुकलं असतं आणि पिळवटलं असतं.

आता छपराचं माप बघा. रीप म्हणजे कौल जिच्यावर टेकतं ती लाकडी पट्टी. आमच्या कौलांना एका रिपेपासून दुसऱ्या रिपेचं अंतर साडेबारा इंच बसतं. नैर्ऋत्येच्या पावसाकडचं, म्हणजे दक्षिणेचं पाखं (छपराची उतरती बाजू) अकरा ओळींचं केलं, उत्तरेचं सहा ओळींचं. एकही ओळ अर्धी नाही, एकही कौल कापलं नाही. त्यामुळे आढं, म्हणजे छपराचा माथा, मधोमध न येता उत्तरेच्या भिंतीपासून तीन फुटांवर आलं आणि खोलीला आपसूक एक वेगळाच आकार मिळाला. उत्तरेला नऊ फुटांची भिंत आणि तिच्यात खिडक्यांची सलग रांग. दक्षिणेला छप्पर लांबच लांब उतरत जातं आणि भिंतीच्या पुढे तीन फूट बाहेर येतं. तिथे पागोळ्या जमिनीपासून जेमतेम पाच फुटांवर आहेत, वाकूनच जावं लागतं. झड त्या बाजूनं कितीही जोरात आली तरी भिंतीपर्यंत पोचत नाही. लोक आता मुद्दाम बघायला येतात आणि हे डिझाइन कुठून आणलंस म्हणून विचारतात. मी त्यांना कौलं मोजायला सांगते.

जागा ठरवायला मात्र वेळ लागला. विहिरीजवळची जागा सगळ्यांत छान होती, पण तिथे डोक्यावर दोन माड. माडाखाली कौलारू छप्पर घालणं म्हणजे रोजची धास्ती. फणसाखालीही नको. शेवटी पोफळींच्या मागची उंचवट्याची मोकळी जागा घेतली, तिथे पाणी साचत नाही. ग्रामपंचायतीत नकाशा जोडून रीतसर अर्ज दिला आणि परवानगी हातात आल्यावरच पाया खणला. आई, तुला काळजी होती म्हणून मुद्दाम लिहिलं.

आखणी आम्ही दोघांनीच केली. दोरीला गाठी अशा मारायच्या की त्यांच्यातली अंतरं तीन, चार आणि पाच फूट येतील, मग तिचा त्रिकोण करून तिन्ही गाठी ताणल्या की काटकोन मिळतो. पुढे मोठ्या मापासाठी सहा, आठ, दहा. शेवटी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजायचे, दोन्ही सारखे आले की चौकोन बरोबर. पातळी बघायला पारदर्शक नळीत पाणी भरलं. एक टोक ह्यांच्या हातात, एक माझ्या, मध्ये झाडं. आम्ही एकमेकांना दिसतही नव्हतो, पण पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला उभं. बाबा, तुम्ही दिलेला पितळी ओळंबा याच कामी आला. गवंड्यांनी स्वतःचा पिशवीतच ठेवला आणि सगळ्या भिंती त्याच्यावरच चढवल्या.

भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या. चिरेखाण इथून जवळच आहे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा लागेल तसा घट्ट होत जातो, म्हणून चिरे आणून काही दिवस उघड्यावर ठेवले. एकेक चिरा तीसेक किलोचा. हो आई, उचलले मी, पण दोघांनी मिळून, आणि कंबरेला पट्टा बांधून. रचायचं काम गवंड्यांचं. ते आम्हाला जमलं नसतं आणि जमेल असा हट्टही धरला नाही. कैची आणि आढं सुतारमामांचं, वायरिंग परवानाधारक वायरमनचं, अर्थिंग आणि ईएलसीबीसकट (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). बाकी खणणं, चिरे-रेती वाहणं, रिपा ठोकणं, कौलं चढवणं, दरजा भरणं, लाकूड घासणं, तेलपाणी, हे सगळं आमचं. बाहेरून गिलावा नाही, चिरा उघडाच ठेवलाय. पूर्वेच्या भिंतीत वरच्या दोन थरांत एक सोडून एक चिरा काढून जाळी केली आहे. सकाळचं ऊन तिच्यातून समोरच्या भिंतीवर चौकटी चौकटींनी उतरतं.

वाळवीचं म्हणाल तर जोतं दीड फूट उंच आणि त्याच्यावर चहूबाजूंनी काँक्रीटची पट्टी. लाकूड कुठेही मातीला टेकत नाही. पायऱ्या मुद्दाम सहा इंचीच केल्या आणि बाजूला धरायला बांबूचा कठडा लावला. आईच्या गुडघ्यांना तो चढ जाणवणार नाही.

बांबू आपल्याच गावातला, माणगा. इथे घरोघरी बांधाला असतो, काटे जवळजवळ नाहीत आणि खालचा भाग भरीव. पण कापला आणि वापरला असं केलं तर वर्षभरात भुंगा त्याचं पीठ करतो, कारण बांबूत साखर आणि पिठूळ अंश असतो आणि किड्याला तोच हवा असतो. म्हणून पावसाळा सरल्यावर, तीन-चार वर्षांचा जून बांबू बघून तोडला. काही आठवडे व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवला. मग बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून सावलीत सुकवला. पाण्यातून काढताना त्याला असा आंबूस वास येतो की जवळ उभं राहवत नाही, पण तो वास म्हणजेच आतलं खाद्य बाहेर आल्याची खूण. त्याचा कठडा झाला, कौलांखालची तट्टी झाली आणि कागद वाळत घालायच्या दांड्या झाल्या. भार पेलायला बांबू कुठेच वापरला नाही, तिथे जुनं लाकूडच.

उजेडाबद्दल लिहायचं राहिलं, आणि सगळा खटाटोप तर त्याच्यासाठीच होता. चित्रकाराला उत्तरेचा उजेड हवा, कारण त्यात ऊन थेट येत नाही आणि सावली दिवसभर फिरत नाही. पण हे युरोपात सरळ असतं, आपल्याकडे नाही. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत कुडाळला दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला कललेला असतो. मे महिन्यात तर आकाश मोकळं, म्हणजे उत्तरेच्या खिडकीतही ऊन. यावर उपाय वळचण. उत्तरेला ती सव्वादोन फुटांच्या वर बाहेर काढली आहे. दुपारचा सूर्य फार उंच असतो, तो तेवढ्यानं अडतो. सकाळी लवकर तिरपं येतं तेवढ्यापुरता पडदा ओढते. जूनपासून ढगच असतात, आणि ढगांतून गाळून आलेला तो उजेड रंगांसाठी इतका सुंदर आहे की मी पावसाळ्याची वाट बघायला लागले आहे. शिवाय उत्तरेच्या पाख्यात सहा काचेची कौलं बसवली. टेबल त्यांच्या बरोबर खाली. आठ बाय चारचं एक प्लायवूड मधोमध लांबीत चिरलं, एका तुकड्याचं टेबल, दुसऱ्याची फळी. तुकडा उरला नाही.

पश्चिमेला एकही खिडकी नाही. मेअखेरीला त्या भिंतीवर पावसासाठी माडाच्या चुडतांचे झाप बांधले, गावात सगळे बांधतात तसेच. दिवाळीआधी सोडायचे.

त्रास नाही असं नाही. माकडं येतात आणि कौलांवरून उड्या मारतात. लोक कौलं काढून पत्रे घालतात त्यामागे हे खरं कारण आहे, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण कौल फुटलं तर एकच फुटतं. शंभरेक जादाची दक्षिणेच्या वळचणीखाली रचून ठेवली आहेत, शिडी लावायची आणि बदलायचं. दुसरा त्रास दमटपणाचा, कागदाला बुरशी धरते. म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवलं, त्याच्यात खाली एक लहान बल्ब सतत जळता, आणि कौलांच्या फटींतून व पूर्वेच्या जाळीतून वारा खेळता. आतापर्यंत एकाही कागदावर ठिपका नाही. जमीन लाल ऑक्साइडच्या कोब्याची आहे, खोबरेल लावून घासली की आरसा होते. अनवाणी फिरायला फार बरं वाटतं.

आता हिशोब, बाबांसाठी. चिरे आणि त्यांची वाहतूक पंचवीस हजार, गवंडी तीस, लाकूड आणि सुतारमामा मिळून चाळीस, कौलं सहा, दारं-खिडक्या आणि काचा पंधरा, सिमेंट-रेती पंधरा, कोबा बारा, वीज बारा, बांबू आणि औषधं सहा. एक लाख एकसष्ट हजार. सगळे माझ्या कामाच्या पैशांतून, कर्ज कुणाचं नाही. वहीत पावत्या चिकटवल्या आहेत, आलात की बघा.

त्यामुळे तुमच्या पैशांची खोलीला गरज नाही. पण मला त्या पैशांविषयी बोलायचं आहे. आई, तुझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू डॉक्टरांनी गेल्या दिवाळीत सांगितला. तू ‘पिकू दे अजून’ म्हणत पुढे ढकलते आहेस. आता पिकायची वाट बघावी लागत नाही, दिसायला अडचण व्हायला लागली की करून घेतात. आणि तुला सुईत दोरा ओवता येत नाही हे बाबांनीच मला सांगितलं. तुम्ही दोघं माझ्यासाठी स्लॅबचा विचार करत होतात आणि तिकडे आई अंदाजानं जिना उतरते आहे, हे मला सहन होत नाही. बाबा, एफडी तशीच पुढे चालू ठेवा. त्यातले डोळ्याला लागतील तेवढेच काढा आणि बाथरूममध्ये दोन दांड्या बसवून घ्या, भिंतीत नीट अँकर मारून. गणपती झाले की मी डोंबिवलीला येते, ऑपरेशनला आणि पुढे आईला बरं वाटेपर्यंत थांबते. तारीख घेऊन ठेवा.

मग डिसेंबरात तुम्ही इकडे या आणि संक्रांतीपर्यंत राहा. आई, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तुझी जागा ठरलेली आहे. नव्या डोळ्यांनी मला पहिल्यांदा या खोलीतले रंग बघून सांग. मी काढलेल्या चित्रांतलं काय खोटं दिसतं ते तुझ्याइतकं स्पष्ट मला कुणी सांगत नाही. बाबा, तुमच्यासाठी काम राखून ठेवलंय. तीन खिडक्यांच्या आकड्या जुन्या आहेत, वाऱ्यानं झडपा आपटतात. बाजारातल्या आकड्या त्या लाकडाला शोभत नाहीत. पितळी पट्टी आणून ठेवते. माप तुम्ही घ्या, बनवा तुम्हीच.

कळावे, लोभ आहेच.

तुमची,
सुमी

ता. क. रात्रीच्या गाडीनं येऊ नका, दिवसाच्या मांडवीनं या. ठाण्याला चढा, कुडाळला आम्ही स्टेशनवर असतो. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तारीख कळवलीत की तिकिटं मीच काढते, दोन्ही खालचे बर्थ. बाबा, येताना तुमची लहान कानशींची पिशवी आणि ड्रिलच्या बिटांची डबी आणा.